सगळा पाव माशांनाच

मंडळी, आज संध्याकाळी मुळा धरणावर गळ टाकायला गेलो होतो. एकटाच. घरी येऊन जेवलो, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमचा शनिवारचा खाऊ ठरलेला आहे. नागापूरला कंपनी सुटली की कोपऱ्यावरच्या दुकानातून पावाची लादी, फरसाणचा पुडा आणि दोन कांदे घ्यायचे. निम्मा पाव आमचा, निम्मा माशांचा. माशांचा पाव पाण्यात मळून त्याच्या गोळ्या गळाला लावायच्या.

आमचा म्हणजे माझा आणि योसेफमामांचा. मामा माझ्याच खात्यात होते. मागच्या महिन्यात रिटायर झाले आणि मुलाकडे पुण्याला गेले. पाव मळायच्या आधी आमच्या वाटणीचे चार पाव ते न चुकता रुमालात बांधून ठेवायचे.

आज मी आपल्याच तंद्रीत सगळी लादी मळून टाकली. दिवस मावळल्यावर भूक लागली, पुडा फोडला, तेव्हा लक्षात आलं. कोरडं फरसाण घशाखाली उतरेना. मासाही एक लागला नाही.

तेवढ्यात मामांचा फोन. "पाव बाजूला काढला का रे?"

"व्हय मामा, काढला."

"मंग खाऊन घे. मी बी आत्ताच जेवलो. एकलाच. पोरगं आलं न्हाई अजून."

पुढच्या शनिवारी कोणी येणार का? खायचं सगळं मी आणतो. तुम्ही फक्त मळायच्या आधी मला थांबवा.