महिपती आबांचा पाट

वरकुट्याच्या महिपती आबांची उभी हयात उसाला दारं धरण्यात गेली. अंधारात पायानंच पाटाचा काठ चाचपायचा, खोऱ्यानं बांध फोडून पाणी सरीत सोडायचं आणि पाट ओलांडून पुढं जायचं. त्या चिखलात भलेभले घसरले, आबा कधी पडले नाहीत. ते पडू लागले नव्या घरात, चकचकीत फरशीवर.

आधी मनगट मोडलं, मग भुवईवर टाके पडले. बारामतीच्या डॉक्टरांनी सून रोहिणीला समजावलं, "स्मृतिभ्रंशाचे प्रकार असतात. आबांच्या प्रकारात आठवण बरीच टिकते, पण नसलेलं दिसतं, तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं तर उठणं अवघड."

रोहिणी चक्रावली. आबांची बहीण अक्काबाई पोटच्या मुलांची नावं विसरली, पण चालायची खणखणीत. आबांना अख्ख्या गावातल्या माणसांची नावं पाठ, आणि पाऊल मात्र फसायचं.

"दुपारचं खुर्चीला बांधू," नवरा गोकुळ म्हणाला. "दुसरा इलाज न्हाय."

"बैल हायेत का ते?"

"मग बस तू राखत."

ती बसली. थोड्या वेळानं आबा उठले, स्वयंपाकघराकडं निघाले आणि दारातल्या काळ्या ग्रॅनाईटच्या पट्टीपाशी थबकले. त्यांनी धोतर वर खोचलं, एक पाय उंच उचलला आणि ते डुलू लागले. रोहिणीनं झेप घेऊन त्यांचा दंड धरला.

"काय करताय, आबा?"

"पाट वलांडतूय. दिसंना व्हय तुला? तुडुंब हाय."

पट्टी खरंच पाण्यासारखी चमकत होती. 'इथं पाट कुठला' हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "मोटर बंद केलीय, आबा. पाणी ओसरलं बघा."

आबा वाकून बघत राहिले. मग उचललेला पाय त्यांनी हळूच पट्टीवर सपाट टेकवला, दुसरा पुढं टाकला आणि बांधावरून चालावं तसे पलीकडं गेले. रोहिणीनं त्यांचा दंड सोडला. या माणसाच्या आत अख्खं शिवार पाण्यासकट वाहत होतं, आणि तिच्या एका शब्दानं त्यातला पाट कोरडा पडला होता.

पलीकडून आबांनी हात पुढं केला. "ये पोरी. दमानं. निसरडं हाय अजून."

तिनं पदर खोचला आणि तो हात धरून पट्टी ओलांडली.

संध्याकाळी गोकुळ दोर घेऊन आला, तर ही पट्टीला फरशीच्या रंगाचा ऑइलपेंट मारत बसलेली.

"हे काय आणि?"

"पाट बुजवतीय," रोहिणी म्हणाली. "तो दोर गोठ्यात टाकून या."