सोनोग्राफीच्या दारातली मावशी

बायांना पाणी पाजायचं आणि लघवीला जाऊ द्यायचं नाही, एवढंच मावशीचं काम. औरंगाबादेत पोटाचं चित्र काढणारी मशीन नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. जालना रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात, मशीनच्या खोलीबाहेर ती स्टुलावर बसायची. शेजारी पाण्याची टाकी, हातात ग्लास. "चार गिलास प्यायचं अन् पाय आवळून बसायचं. थैली भरल्याबिगर लेकरू दिसत नाय. मधीच मोरीत गेलीस तर पुन्हा पहिल्यापासून!"

खेड्यातली बाई भेदरलेली असायची. तिला मावशी सगळं आधीच सांगून टाकायची. "दुखत नाय गं. पोटाला गार लेप लावतेत, शेंबडावानी. वरून इस्त्री फिरवल्यागत फिरवतेत. टीव्हीत नुसत्या मुंग्या दिसतेत. पोट पुसायला फडकं मातर आपलं ने, आतलं लई घाण ऱ्हातं." ते फडकं मी पाहिलंय. घाणच होतं. पण तिथली सगळ्यात घाण गोष्ट ते फडकं नव्हतं.

लेकराची तब्येत बघायला तिथं कोण येत होतं? पोरगा का पोरगी, एवढंच बघायचं. पोरगी निघाली तर शेजारच्या खोलीत पाडायची. डॉक्टर सासूच्या कानात सांगायचा, पण मावशी बाहेर बसल्या बसल्या ओळखायची. मी गेलो त्या दिवशी मला म्हणाली, "सासू सुनंचा हात धरून भाईर आली की पोरगा. सासू म्होरं अन् सून मागं, की पोरगी." सांगताना ती हसली नाही. मी हसलो.

मेंढरं राखणाऱ्या घरातला मी, वाळूजच्या कंपनीत लागलेला. दोन पोरी पदरात. कौसल्याला, माझ्या बायकोला, तिसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला आणि आईनं ठरवलं, मशीनीत बघायचं. मी रजा काढली आणि दोघींना घेऊन गेलो.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघणाऱ्या मोर्चांचे ते दिवस. कौसल्याचा दुसरा ग्लास चालू होता, तेवढ्यात एक जण दारातून ओरडला, "मावशे, जयभीम! मोर्चाला येती ना?"

"जयभीम, बाबा. ह्यांच्या थैल्या भरते अन् आलेच."

आईनं कौसल्याच्या हातातला ग्लास हिसकून खाली आपटला. "तुझ्या हातचं पाजती व्हय माझ्या सुनंला?"

"नळ म्युनिसिपाल्टीचा हाय, आत्याबाई," मावशी म्हणाली. "माझ्या घरचा नाय."

आईनं कौसल्याला दंडाला धरून मोरीत नेलं. "पोटात गेलेलं समदं काढ भाईर." कौसल्यानं काढलं. वरूनही आणि खालूनही. लगेच नंबर लागला. डॉक्टरनं मशीन फिरवली, पुन्हा फिरवली आणि चिडला. "थैली रिकामी आहे, काही कळत नाही. परवा परत आणा."

बाहेर येऊन तो सगळ्यांपुढं मावशीवर खेकसला. आई म्हणाली, "हिनं पाणी दिलंच नाय." डॉक्टरनं मला विचारलं, "खरं का हो?"

सांडलेल्या पाण्यानं माझ्या चपला भिजल्या होत्या. तरी मी मान हलवली. व्हय म्हणून. मावशीचं काम तिथल्या तिथं गेलं.

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. पदराला हात पुसले, कौसल्याजवळ वाकली आणि म्हणाली, "आज माझ्या इटाळानं तुझं लेकरू वाचलं, बाई. परवाचं तूच बग." आणि गेली मोर्चाला.

परवा उजाडला. आई लुगडं बदलून तयार. कौसल्या उंबऱ्यात बसली. "न्यायचं असंल तर खाटंला बांधून न्या." मग माझ्याकडं वळली. "अन् तुमी तिथं सांगा डॉक्टरला, हीच राजी हाय म्हणून. खोटं बोलाया येतंच की तुमाला."

एवढं ऐकल्यावर मी आईला नाही म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

तिसरी पोरगीच झाली. धडधाकट, काळीसावळी, रडायला लागली की गल्ली जागी करणारी. बाळंतपणाच्या खाटेवरून उठायच्या आतच कौसल्या म्हणाली, "त्या मावशीला हुडका अन् तिच्या पाया पडून या." मी दवाखान्यापर्यंत गेलो. स्टुलावर दुसरीच बाई. काय म्हणून विचारणार? मावशी, एवढंच मला ठाऊक. आणि खरं सांगायचं तर, पाया पडायचं टळलं म्हणून मला हायसंच वाटलं. घरी येऊन सांगितलं, "भेटली. माफ केलं म्हणाली." कौसल्या माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

गेल्या पौषात कौसल्या गेली. जायच्या आधी चार दिवस, त्याच तिसऱ्या पोरीनं भरवलेली पेज पिऊन झाल्यावर, तिनं मला जवळ बोलावलं. "ती मावशी खरंच भेटली व्हती का वो?"

"व्हय."

"मग तिचं नाव काय?"

मी पेजेची रिकामी वाटी उचलली. कौसल्यानं भिंतीकडं तोंड केलं.