आईचे दहा दिवस

तुमसर रोडच्या फलाटावर बाबांनी माझ्या ट्रंकेची दोरी चौथ्यांदा आवळली आणि आईनं चौथ्यांदा विचारलं, "कागद घेतला का व बाई?" कागद म्हणजे लस टोचल्याचं पिवळं पुस्तक. पासपोर्टापेक्षा आईला त्याचीच काळजी जास्त, कारण माझ्या नवऱ्यानं एकदा बोलता बोलता सांगून ठेवलं होतं की ते नसेल तर परत पाठवतात. हे झांबियात, लुसाका शहरात, गणिताचे शिक्षक म्हणून निघाले होते आणि मी त्यांच्या पाठोपाठ. गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालत एवढंच म्हणाली, "पहिल्या बाळंतपणाले ये मात्र." बाबा तिला म्हणाले, "अवं, गाडी तर जाऊ दे आधी!"

तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना वाटतं, परदेश म्हणजे मोठीच मजा. जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. आमच्या आंधळगावात सकाळी मागाची खटखट ऐकून जाग यायची; शेजारच्या घरचा माग बंद असला तर तिथं कोणी आजारी आहे हे न विचारता कळायचं. लुसाकात शेजारी कोण आहे हे कळायलाच मला दोन महिने लागले. पण जीव रमला. मी मक्याच्या पिठाचा नशिमा रांधायला शिकले, एस्टीला 'बस' आणि बाजाराला 'मार्केट' म्हणू लागले, आणि ऐन धान कापणीच्या दिवसांत तिकडे आंबे पिकतात हे पाहून मी बाबांना चार पानी पत्र लिहिलं. उत्तरात बाबांनी विचारलं, "मग तिकडचे लोक उन्हाळ्यात काय खातात?"

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. त्याआधी एकदा दिवस राहून पोट पडलं होतं. ते मी आईला कळवलं नव्हतं, लिहायला धीरच झाला नाही. या खेपेला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की विमानप्रवास नाही, जिना नाही, जड उचलणं नाही. म्हणजे माहेरी जायचा प्रश्नच मिटला. आधीचं ते दुःख आणि आता येता येणार नाही हे, दोन्ही गोष्टी मी एकाच पत्रात लिहिल्या आणि पत्र पेटीत टाकून घरी येऊन मनसोक्त रडले. मला आई हवी होती. बाकी काही नको होतं.

महिन्याभरानं उत्तर आलं. अक्षर बाबांचं, शब्द आईचे. "तुले येता येत नाही तर मी येतो. माहेर काय खुंट्याले बांधून आहे का?" खाली बाबांची स्वतःची ओळ होती: "हिनं तीन दिवसांपासून कांड्या भरल्या नाहीत. माग बंद आहे. तिकीट पाठवा." आमच्या घरी आईनं मागासाठी सुताच्या कांड्या भरून दिल्या तरच बाबांचं विणकाम चालायचं, त्यामुळे आईचा संप म्हणजे घराचाच संप. ह्यांनी शाळेतून उचल घेतली आणि तिकिटाचे पैसे धाडले.

आई तेव्हा साठी ओलांडलेली. भंडाऱ्यापलीकडे तिनं जग पाहिलेलं नव्हतं. पासपोर्ट निघाला, पण पुढे तीन सुया आडव्या आल्या: देवीची, पटकीची आणि पिवळ्या तापाची. पहिल्या दोन तुमसरच्या दवाखान्यात मिळायच्या. तिथं ती शाळेच्या पोरांच्या रांगेत उभी राहिली. पोरं रडत होती आणि ती त्यांना गूळ-फुटाणे वाटत होती. डॉक्टर हसून म्हणाले, "माय, देवी तर देशातून गेल्या आता. तुमाले कायले पाहिजे?"

आईला लहानपणी देवी येऊन गेलेल्या. चेहऱ्यावर वण होते. ती म्हणाली, "माह्या तोंडावर तिचा शिक्का आहेच, डॉक्टरसायेब. पण पोरीच्या गावाले कागदावरचा पाहिजे म्हणते."

सुई झाली आणि दंडाला जरा सूज आली, अंग कोमट लागलं. दुसरं कोणी असतं तर पट्टी ठेवून कामाला लागलं असतं. आई नाही. लहानपणी आलेली माता एवढ्या वर्षांनी पुन्हा घरी आली म्हटल्यावर तिचा मान ठेवायला नको? तिनं दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली आणि सात दिवस गावाची शीव ओलांडणार नाही असं जाहीर केलं. पिवळ्या तापाची सुई फक्त मुंबईला, तीही आठवड्यातून एकच दिवस, आणि त्याच आठवड्यातला दिवस बाबांनी पत्र लिहून ठरवलेला. बाबांनी कपाळाला हात लावला. "अवं, पोरीचे दिवस भरत येऊन राहिले!" आई म्हणाली, "मातेले सोडून गेली अन् तिकडे पोरीले काही झालं तं?" बाबांनी पुढच्या आठवड्यातला दिवस मागायला मुंबईला दुसरं पत्र लिहिलं. मी तिथं असते तर मीही तेच केलं असतं. सातव्या दिवशी आईनं गावातल्या मातामायच्या ठाण्यावर थंड पाणी ओतलं, दहीभात ठेवला आणि लगेच पिशवी उचलली.

माग बंद ठेवून बाबा तिला मुंबईला घेऊन गेले. सुईची फी फार नव्हती, पण सुईपेक्षा मुंबईची खेपच महाग पडली. तिथल्या डॉक्टरांनी वय विचारलं, छाती तपासली आणि सांगितलं, या वयात चार-आठ दिवसांनी ताप येऊ शकतो, बघायला कोणी आहे का? बाबा म्हणाले, "मी आहो ना." आणि खरंच, ओळखीच्यांच्या खोलीत ते तिच्या उशाशी बसून राहिले. ताप आला नाही. बाबाच कंटाळून आजारी पडायचे राहिले.

पुस्तकावर लिहिलं होतं की टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. सुई चार तारखेला झाली. तिकिटाच्या माणसानं बाबांना विचारलं, "तेराला पोचतील. दहा दिवस होतात ना?" बाबांनी बोटं मोजली. चार तारीख एक, पाच तारीख दोन, आणि तेराला बरोबर दहा. त्यांचं काय चुकलं? बारसं असो की तेरवी, आपल्याकडे पहिला दिवस धरूनच मोजतात. बाबा ठामपणे म्हणाले, "होतात."

तेरा तारखेला सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. ह्यांनी मला सरकारी इस्पितळात पोचवलं आणि तसेच विमानतळाकडे पळाले. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यानं आईचं पुस्तक उघडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि सांगितलं, दाखला उद्यापासून लागू. विमान मध्ये रोगाच्या मुलखात थांबलेलं, तेव्हा आजचा दिवस वेगळं ठेवावं लागेल. ह्यांनी हात जोडले, माझी अवस्था सांगितली. अधिकारी माणूस भला होता, त्यानं आईला बसायला खुर्ची दिली, पण नियम सोडला नाही. आईला समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जावईबापू, यांच्याइथं पहिला दिवस मोजत नाही काय?"

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी खाटेवर पडून दाराकडे बघत होते. अकरा वाजले, बारा वाजले, आणि माझा धीर सुटत चालला. गेल्या खेपेचं सगळं आठवू लागलं. ग्रेस नावाची धिप्पाड नर्स माझा हात धरून होती, पण तिचे शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते. तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"बाई व! मी आली व!"

मला वाटलं भास झाला. पण गावच्या तळ्याच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणारा तो आवाज मी कशी विसरेन? प्रवाशांना वेगळं ठेवायचा वॉर्ड त्याच इस्पितळाच्या आवारात होता, मधे फक्त अंगण. आई तिथल्या जाळीच्या व्हरांड्यात उभी राहून ओरडत होती.

"काहून रडून राहिली व? श्वास घे लंबा! दात खाऊ नको!"

मी ओरडले, "आई, ये ना इकडे!"

"उद्या येतो! आज मले मोजून राहिले हे लोक!"

पुढचे तीन तास आईनं अंगणापलीकडून माझं बाळंतपण केलं. ग्रेसला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण आईचा आवाज चढला की ती मान हलवून माझ्याकडे बघे, जणू मोठ्या नर्सचा हुकूम आला. बाकीच्या खाटांवरच्या बायकाही हसायला लागल्या. कळांमध्ये मीही हसले. आता सांगून कोणाला खरं वाटणार नाही.

मुलगी झाली. हे अंगणाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "मुलगी! दोघी बऱ्या आहेत!" व्हरांड्यातून आई रडत रडत म्हणाली, "दाखवा व!" ग्रेसनं लेकराला गुंडाळलं आणि काचेच्या खिडकीपाशी उंच धरलं. आईनं लांबूनच दोन्ही हातांनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मला जवळ घेतलं. इतके दिवस न कळवलेल्या त्या दुःखाबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही, नुसता पाठीवरून हात फिरवत राहिली. मी सुखानं रडले.

तीन महिने ती राहिली. मला शेक दिला, लेकराला न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू ग्रेसलाही खिलवले. मग परतीचा दिवस आला. बाळंतीण लेक माहेराहून निघते तेव्हा आई तिची ओटी भरते आणि सासरच्या उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. इथं तर लेक घरातच होती आणि माहेर निघालं होतं. पण रीत सोडेल ती आई कसली! तिनं स्वयंपाकघरात माझी ओटी भरली, लेकरू माझ्या कडेवर दिलं आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. "जा आता, सुखानं नांद," म्हणाली आणि डोळे पुसले. मी पेरूच्या झाडाला वळसा घालून, घराभोवती फिरून पुढच्या दाराशी आले. तोवर ती घरातून धावत तिथं पोचली होती, धापा टाकत. सासूबाई नव्हत्या, म्हणून त्यांच्या जागी तीच. हातात पाण्याचा तांब्या आणि मक्याच्या पिठाची भाकर. तिनं तुकडा ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं.

"आली का व बाई?" तिनं विचारलं. "कसा झाला प्रवास?"

"बरा झाला, आई," मी म्हटलं आणि उंबरा ओलांडला. शाळेनं दिलेल्या त्या जागेला चार वर्षं मी क्वार्टर म्हणत होते. त्या दिवसापासून घर म्हणते.