ओपांची आठ हरणं

"मोजू नकोस. आधी ओळख करून घे." हे शेजारचे ओपा इतक्या वेळा म्हणायचे, आणि म्हणताना दुर्बिणीच्या काचा सदऱ्याच्या टोकाने इतक्या घासायचे, की दुर्बीण आणि वाक्य दोन्ही हिसकावून घ्यावंसं वाटायचं.

न्युरेम्बर्गबाहेरच्या आमच्या गावात आमची आणि त्यांची भिंत एक. माझी मुलगी त्यांना ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. मग मीही. मी ज्या कारखान्यात इंजिनिअर आहे तिथेच त्यांनी जन्मभर लेथ चालवलं होतं. निवृत्तीनंतर गावालगतच्या जंगलात शिकारीचा ठेका त्यांच्याकडे होता. तुमच्याही शेजारी असा एखादा म्हातारा असेल, ज्याचं बरोबर असतं आणि म्हणूनच त्याचा राग येतो.

तिथे रेह नावाची बुटकी हरणं असतात. पहिल्यांदा मी त्यांना शिकार करताना पाहिलं तेव्हा गोळी घातलेल्या हरणाच्या तोंडात त्यांनी हिरवी डहाळी ठेवली आणि टोपी काढून उभे राहिले. शेवटचा घास, म्हणाले. मी वैतागून म्हटलं, "मारायचं आणि वर घास भरवायचा?"

"गेनाऊ," ते म्हणाले. अगदी बरोबर.

त्यांचं दुखणं एकच होतं. आबशुसप्लान. तीन वर्षांत किती हरणं मारायचीच, याचा सरकारी आकडा. नव्या रोपांचे शेंडे खाल्लेले दिसले की वनखात्याचे लोक म्हणायचे, हरणं फार झाली, आकडा वाढवा. ओपा म्हणायचे, "शेंडे खाल्ले हे खरं. आठांनी खाल्ले की तिसांनी, ते रोपटं सांगत नाही." त्यांच्या मते हरणं दरवर्षी कमी होत आठांवर आली होती. काही गवत कापायच्या यंत्राखाली जायची, काही रस्त्यावर, आणि उरलेल्यांवर हा आकडा. या वेळी आकडा उतरला नाही तर कळप संपेल, असं ते सांगत. त्यांचा कम्प्युटरशी संबंध नव्हता. वनखात्याच्या ऑफिसला पत्रं मी लिहायची. जर्मन माणसाची जर्मन पत्रं मराठी बाईने.

"ओपा, पुरावा द्या," मी म्हटलं. "ओळख म्हणजे पुरावा नाही."

माझं जरा सांगते. वडील एस.टी. डेपोत टायर बदलायचे. घरात पदवीचा कागद आला तो पहिला माझा, आणि त्याचा मला अभिमान आहे, आजही. त्यामुळे कुणी अंदाजावर बोललं की माझं डोकं फिरतं. मार्चमध्ये कारखान्यातल्या एकाकडून उष्णता टिपणारा ड्रोन मागून आणला. शनिवारी सकाळी मी सावकाश चहा पिऊन निघाले.

"ऊन वर आलंय, इंजिनिअरबाई. उद्या पहाटे ये."

"यंत्राला पहाट लागत नाही, ओपा."

पडद्यावर तेवीस ठिपके आले. ओपांच्या आठाच्या जवळपास तिप्पट. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे बरं तर, "उद्या चालत जाऊन बघू." पण हरणांची संख्या कळवायच्या पत्राची मुदत त्याच रात्री संपत होती. आकडा त्यांच्या विरुद्ध जात होता. तरी आकडा तो आकडा, म्हणून मी तेवीस लिहून पाठवून दिलं. त्यांना न विचारता.

रविवारी नकाशा घेऊन निघालो. पहिला ठिपका म्हणजे उन्हाने तापलेला मातीचा ढीग होता, बिळं उकरणाऱ्या प्राण्याने काढलेला. ओपांनी टोपी काढली. "गुटेन मॉर्गन," ढिगाला म्हणाले. दुसरा ढीग. पुन्हा टोपी. सातव्याला तरी काढू नये असं मला वाटत होतं. काढली. पंधरा ढीग आणि दगड निघाले. आणि हरणं आठ.

मग मी सांगितलं की पत्र गेलंय.

त्यांनी टोपी घातली. "ना जा," एवढंच म्हणाले. बरं, असो. ओरडले असते तर मलाही भांडता आलं असतं.

सोमवारी मी ऑफिसला लिहिलं की चूक माझी आहे, त्यांची नाही. खाली सहीपुढे पदवी लिहायची माझी सवय. त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं. उत्तर आलं: मुदत संपली आहे, आकडा वाढवण्यात आला आहे. तीन वर्षं.

त्या शरदात ओपा रोज मचाणावर बसायचे आणि रोज रिकाम्या हाताने यायचे. काही दिसलं नाही, म्हणायचे. मला वाटलं, आता नजरच गेली यांची. एकदा मी हट्टाने बरोबर गेले. तासभर मचाणावर कुडकुडत बसल्यावर एक मादी बाहेर आली, डावा कान फाटलेली. वीस पावलांवर येऊन निवांत चरायला लागली. बंदूक त्यांच्या मांडीवर होती, तिथेच राहिली. ते दुर्बीण घासत होते.

"ओपा, दिसली का?" मी कुजबुजले.

"कोण?"

ऑफिसची दोन खरमरीत पत्रं आली, आकडा का पुरा होत नाही म्हणून. उत्तरं अर्थात मीच लिहिली. हरणं दिसत नाहीत, असं. लिहिताना मी दात-ओठ खात होते. खोटं लिहायला मी शिकले नव्हते, आणि हा माणूस समोर बसून केक खात होता.

जानेवारीत ते गेले. झोपेतच. त्यांच्या शिकारी मित्रांनी शवपेटीवर हिरव्या डहाळ्या ठेवल्या. एक माझ्याही हातात दिली. मी ठेवली. या वेळी वाद घातला नाही.

ठेका आता शहरातल्या एका तरुण माणसाकडे आहे. नम्र आहे, नवी बंदूक आहे, आकडा पुरा करायची घाई आहे. सप्टेंबरात पहाटे मी त्या वाटेने चालत होते. झाडांच्या कडेला फाटक्या कानाची उभी होती, मागे दोन पिल्लं. मी थांबले. तिने पाहिलं, आणि तिघं शांतपणे आत गेली. वळणावर तो तरुण भेटला, मचाणाकडे निघालेला.

"काही दिसलं का तिकडे?"

"नाही," मी म्हटलं आणि चष्मा काढून ओढणीने पुसायला लागले. "काहीच नाही."