भरल्या हौदाचं घर

केराबाई घर विकणार, हे गल्लीत कुणाला खरंच वाटेना. ज्या बाईनं या घराच्या पायातली माती स्वतःच्या डोक्यावरून वाहिली, ती घर विकेल? पण केराबाईच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली की ती हलवायची कुणाची बिशाद नव्हती, आणि या खेपेला तिच्या मनात मोहोळ बसलं होतं.

मोहोळला तिची लेक ऋतुजा दिलेली. लेकीच्या शेजारीच दोन खोल्यांचं एक घर विकायला निघालं होतं. पुढं ओटा, मागं हौद आणि एखादी शेळी बांधण्याइतकी जागा. सूतगिरणीत वॉचमन असलेला नवरा, ज्ञानबा, जाऊन दोन वर्षं होत आली होती. थोरला भारत पुण्यात, सातव्या मजल्यावर. त्यानं आईला हिवाळ्यात दोन महिने आपल्याकडं नेलं, मनापासून ठेवून घेतलं, आणि सूनही वाईट नव्हती. पण दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार, तेही बंद. खाली जायचं तर लिफ्टचं कुठलं बटण दाबायचं ते नातवाला विचारायचं. केराबाईनं कानाला खडा लावला. "पावणी म्हून कवाबी यीन, बाबा. ऱ्हायला माजं दार माजंच पायजे," असं तिनं भारतला सांगून टाकलं.

सोलापूरचं घर विकायचं आणि त्या पैशांतच मोहोळचं घ्यायचं, इतकं ते सरळ होतं. मोहोळचा मालक अक्षय तृतीयेपर्यंत थांबायला कबूल झाला होता. तोवर जमलं नाही तर पुण्याची लिफ्ट ठरलेली, कारण आईला एकटीला सोलापुरात राहू द्यायला भारत तयार नव्हता.

नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात माणूस आधी हौद बांधतो, मग भिंती. ज्ञानबानंही मागच्या खोलीला लागून जमिनीत हौद खणला होता, आणि केराबाईनं तो कधी अर्ध्याखाली जाऊ दिला नव्हता. ती सांगोल्याकडच्या धनगरवाड्यातली. लहानपणी मेंढरांमागं आणि पाण्यामागं सारखीच हिंडलेली. नळाला पाणी आलं की आधी हौद काठोकाठ, मगच चहा, हा तिचा नेम होता. हौदाचा तळ कसा दिसतो हे बांधला तेव्हा जे पाहिलं तेवढंच.

मागच्या खोलीची भिंत मात्र कायम ओली. दर दिवाळीला पोपडे खरवडायचे, रंग मारायचा, आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा तेच. आधी दोष छताला दिला. मग न्हाणीला. मग शेजारच्या फुलाबाईच्या मोरीला. हौदावर कुणाचाच संशय गेला नाही, कारण हौद तर कायम भरलेला! त्याच्यातून पाणी जातं म्हणावं कसं?

पुण्याला जाताना केराबाई हौद भरून, झाकणाला कुलूप लावून गेली होती. परत येऊन बघते तर पाणी हातभर उतरलेलं. तिचं डोकंच फिरलं. भरल्या गल्लीत तिनं फुलाबाईच्या दारात उभं राहून विचारलं, "किल्ली कुटनं मिळाली गं तुला?" फुलाबाई रडली, शपथा घेतल्या, आणि मग बोलायचीच बंद झाली. बावीस वर्षांच्या शेजाराला असं कुलूप लागलं.

गिऱ्हाईक आणलं ते एजंट धनाजीनं. सात रस्त्याला त्याचं ऑफिस, बोलणं गोड आणि चालणं घाईचं. विरेश आणि महेश्वरी असं तरुण जोडपं होतं, अक्कलकोटकडचं, इथं त्यांचं भुसार मालाचं दुकान. घरात कन्नड, बाहेर मराठी. महेश्वरीला सातवा महिना लागलेला. ती सगळं घर फिरून मागच्या खोलीत आली आणि वर कडीकडं बघून म्हणाली, "इथं पाळणा छान बसेल की." मग तिनं भिंतीवर हात ठेवला. "ओल आहे का हो?"

"ती मागच्या पावसाळ्यातली," धनाजीनं फटकन उत्तर दिलं. "रंग दिला की संपलं."

बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. मागच्या पावसाळ्यातली ओल इतके दिवस टिकते होय? केराबाईला हे कळत होतं आणि ती गप्प बसली. मोहोळचा ओटा डोळ्यांपुढं होता, म्हणून गप्प बसली. ती माणसं गेली तसं तिला स्वतःचीच शरम वाटायला लागली. त्या पोरीनं पाळणा म्हटलं होतं.

तिनं हौदाचं झाकण काढलं आणि पाण्याच्या कडेला कोळशानं रेघ मारली. मग दोन दिवस त्यातला थेंब घेतला नाही, प्यायला बाटल्या विकत आणल्या. गल्लीतली पोरं हसली. तिसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. चोर ना फुलाबाई, ना कुणी दुसरं. हौदच फुटका होता, भिंत त्याचंच पाणी पीत होती, आणि ती दर खेपेला नेमानं काठोकाठ भरून भिंतीला पाजत होती.

भारतला फोन केला तर तो वैतागला. "आई, कमरेइतकी टाइल लावून टाक त्या भिंतीला. सगळे तेच करतात. विकल्यावर आपला काय संबंध?"

"टायलीनं वल मरती व्हय रं? दिसायची थांबती निस्ती."

"मग थांबू दे की!"

"आन ती बारकं लेकरू घिऊन तितं निजणार. माज्या हातनं न्हाय व्हायचं."

धनाजीनं तर हात जोडले. "मावशी, सांगायला जाऊ नका. सांगितलं की गिऱ्हाईक एक तर पळतं नाहीतर भाव पाडतं. मोहोळ हातचं जाईल."

मोहोळचं नाव त्यानं मुद्दाम काढलं होतं, आणि ते बरोबर जागी लागलं.  पण केराबाईनं त्याच्याच मोबाइलवरून महेश्वरीला फोन लावायला सांगितला. "पोरी, ती वल पावसाची न्हाय. हौद गळतुया माजा. दुरुस्त करून दीन. तवर थांबायचं का न्हाय, तुमचं तुमी बगा."

पलीकडं बराच वेळ कन्नडमध्ये काहीतरी चाललं. मग विरेश फोनवर आला. आम्ही दुसरंही एक घर बघतोय, विचार करून सांगतो, एवढंच म्हणाला. धनाजी कपाळावर हात मारून उठला. "गिऱ्हाईक तर गेलं. आता कुणासाठी दुरुस्ती करताय?"

"गिऱ्हाईक गेलं, पर घर हितंच हाय की," केराबाई म्हणाली. "ह्यो न्हाय तर दुसरा यील. त्येलाबी भिंत हीच असणार."

पण हौद दुरुस्त करायचा म्हणजे उपसायचा. ऐन उन्हाळ्यात, पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना, भरलेला हौद उपसायचा! केराबाई झाकण काढून कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिली. नवरा गेला तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती. मोटर लावून पाणी गटारात सोडा, असं गवंडी श्रीमंतनं सुचवलं. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मोटरची वायर गुंडाळायला लागला.

ती उठली आणि फुलाबाईच्या दारात गेली. महिन्याभरापूर्वी जिथं उभी राहून चोर म्हणाली होती, तिथंच.

"फुला, घागरी आण."

फुलाबाईनं दार अर्धंच उघडलं. "आता काय नवीन?"

"हौद फुटकाय माजा. तू न्हाय न्हेलंस पाणी. म्या भरल्या गल्लीत बोलले, आता भरल्या गल्लीत सांगती, चुकलं माजं. पयलं तुजं भर, मंग बाकीच्यांचं."

फुलाबाई लगेच विरघळली वगैरे नाही. ती आत गेली, आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या घागरी, बादल्या, कळश्या, वर एक लोखंडी पिंप घेऊन बाहेर आली. "आता बगती की किती देतीस," म्हणाली. मग सगळी गल्ली लोटली. केराबाई पाणी वाटतेय ही बातमी घर विकण्याच्या बातमीहून मोठी ठरली. दुपारपर्यंत गल्लीतलं एक भांडं रिकामं उरलं नाही.

मग केराबाई पदर खोचून शिडीनं स्वतः खाली उतरली. श्रीमंत नको नको म्हणत होता. तळाच्या गाळात तिला एक पितळी तांब्या सापडला. याच तांब्यासाठी तिनं फार मागं एका भांडीवाल्याला गल्लीतून हाकललं होतं. ती तांब्याकडं बघून एकटीच हसली, आणि हसता हसता वाईटही वाटलं. या हौदापायी तिनं किती जणांना चोर ठरवलं होतं कुणास ठाऊक. मागच्या खोलीकडच्या कोपऱ्यात गिलावा सुटला होता आणि बोट जाईल एवढी चीर पडली होती.

श्रीमंतनं चीर भरली, सगळ्या हौदाला नवा गिलावा केला. खोलीच्या भिंतीचं प्लास्टर वीट दिसेपर्यंत काढलं आणि तिला उन्हावाऱ्यानं सुकू दिलं. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या की आत भट्टी व्हायची. सोलापूरचं ऊन आपल्या कामी आलं ते पहिल्यांदाच, असं केराबाई म्हणायची. मधे पाणी लांबलं. ज्या बाईनं जन्मात कुणाकडं कळशी मागितली नव्हती, ती रोज फुलाबाईकडं मागायला जाऊ लागली. फुलाबाई द्यायची, आणि देताना रोज एक टोमणाही द्यायची. केराबाईनं दोन्ही घेतलं.

अखेर पाणी आलं, हौद भरला, पुन्हा कोळशाची रेघ मारली. रेघ पाण्याला चिकटून राहिली. भिंतीला नवं प्लास्टर चढलं. अक्षय तृतीया तोंडावर आली होती, तेव्हा विरेश आणि महेश्वरी परत आले. महेश्वरीनं भिंतीला हात लावला, मग गालही लावून बघितला. "कोरडी आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

विरेशनं घसा खाकरला. "मावशी, घर पसंत आहे. पण हौद एकदा फुटलेला. भावात थोडं खाली या."

धनाजीनं केराबाईकडं बघितलं. सांगितलं होतं की नाही, असा चेहरा. थोडं खाली म्हणजे मोहोळचं घर गेलं, हे त्यालाही ठाऊक होतं. केराबाई विरेशकडं वळली.

"न्हाय, पावणं. फुटका ठिवून दिला असता तर खाली आले असते. फुटका हाय म्हून तुमाला म्याच सांगितलं, आन नीट म्याच केला. खरं बोलल्याचा दंड मी भरत न्हाय."

"दुसरं घर स्वस्तात मिळतंय."

"घ्या की. मालकाला येवढंच म्हणा, हौद उपसून दावा. त्येनं उपसला तर खुशाल तितं ऱ्हावा."

विरेश उठला. महेश्वरी जाताना मागं वळून बघत गेली. धनाजी चप्पल घालून निघून गेला, आणि केराबाई दारातच बसली. हट्टापायी आपण आपलंच दार घालवलं का, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. भारतचा फोन वाजत होता. तिनं तो उचलला नाही. पुण्याला जायचंच झालं तर जाऊ, पण भाव कमी करून नाही आणि भिंत झाकून नाही, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं आणि मगच ती उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून महेश्वरी एकटीच उतरली. घाम पुसत म्हणाली, "मावशी, त्या मालकानं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. उन्हाळ्यात हौद कोण उपसतं, म्हणून आमच्यावरच ओरडला."

"मंग?"

"मग काय, ह्यांना म्हटलं, मी तिथं राहायची नाही. भाव तुम्ही म्हणाल तोच."

केराबाईनं तिला आत घेतलं, पंखा लावला, आणि पाण्याचा तांब्या भरून पुढं केला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या एका तांब्यात हिंदकळलं.

अक्षय तृतीयेच्या आत दोन्हीकडचे कागद झाले. सामान हलवायच्या दिवशी भारत टेम्पो घेऊन आला. सकाळीच सगळं भरून झालं, विरेश-महेश्वरी किल्ली घ्यायला येऊन उभे राहिले, आणि केराबाई नळापाशी ठाण मांडून बसली. गेल्या चार दिवसांत हौद अर्ध्यावर आला होता आणि आज पाण्याचा वार होता.

"आई, टेम्पोवाला थांबत नाही," भारत म्हणाला. "घर आता त्यांचं आहे. भरतील ते."

"किल्ली माज्या हातात हाय तवर घर माजं. ही पोर पोटुशी. पुढलं पाणी कवा यील? अर्ध्या हौदाचं घर म्या देत न्हाय कुणाला."

टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी त्यानंच फुलाबाईकडं चहा मागितला. दुपारी नळानं आधी हवा फुंकली, मग पाणी आलं. केराबाई हौद काठोकाठ होईपर्यंत तिथून हलली नाही. मग तिनं कॉक बंद केला, झाकण लावलं, आणि ओल्या हातानंच किल्ली महेश्वरीच्या हातात दिली. "आता घे," म्हणाली. फुलाबाई आणि ती एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. टेम्पोत बसल्यावरही केराबाई रडत होती, हमरस्त्याला लागल्यावरही, आणि भारतनं तिला रडू दिलं.

मोहोळला ऋतुजा भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तिनं तो आईवरून ओवाळून टाकला. केराबाई डोळे न पुसताच आत शिरली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "हितं पाणी कवा येतं गं?"

"उद्या सकाळी."

"मंग आजच उपसून घिऊ," केराबाई पदर खोचत म्हणाली. "भारत, शर्ट काड. हौदात उतरायचंय."