चंद्रावर निघालेली माणसं

नाटक बंद पडतं, तालमीतल्या गोष्टी मात्र थांबत नाहीत. एक सांगायला घेतली की मागून दुसरी येतेच. डोंबिवलीच्या आमच्या हौशी मंडळाचं तसंच झालंय. तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली. चंद्रावर जाणाऱ्या माणसांचं एक नाटक मी लिहिलेलं. दिग्दर्शक तात्या, नायकही तात्याच.

*

शास्त्रज्ञ म्हणजे पिंजारलेले केस, तारवटलेले डोळे आणि गडगडाटी आवाज, असं तात्यांचं पक्कं मत. मी म्हटलं, "एकदा खराखुरा तर बघू या."

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात माझ्या ओळखीचे एक केमिस्ट होते, जोगळेकर. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चापून बसवलेले केस, मांडीवर तापानं फणफणलेली मुलगी. तिच्या कपाळावरची घडी बदलत बदलत ते आमच्याशी बोलत होते.

तात्यांनी विचारलं, "प्रयोग यशस्वी झाला की तुम्ही काय करता? ओरडता? हसता?"

"पुन्हा करून बघतो," जोगळेकर म्हणाले.

बाहेर पडल्यावर तात्या म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण शास्त्रज्ञ वाटत नाही रे."

*

यानात विनोदी नोकर हवाच, हा तात्यांचा दुसरा हट्ट. ते काम शंकरकडे. तो रत्नागिरीकडचा, कल्याणला छापखान्यात होता. प्रत्येक प्रवेशात त्यानं धडपडायचं आणि मालकाची थप्पड खायची. सुरुवातीला त्यानं निमूट केलं. एकदा तालमीत मध्येच थांबला.

"तात्या, माझा बाप गिरगावात घरगडी आहे. तो असा पडत नाही. पडला तर काम जाईल त्याचं."

तात्यांनी विचारलं, "मग काय करतो तो?"

"ऐकत असतो. मालकाच्या घरातलं सगळं ऐकतो."

त्यानंतर शंकर पडला नाही. यानाच्या कोपऱ्यात उभा राहून नुसता ऐकायचा. प्रयोगात लोक हसले नाहीत, पण त्यांची नजर त्याच्यावरून हलायची नाही.

*

डोंबिवलीचा प्रयोग संपल्यावर शेजारचे एक आजोबा तात्यांना भेटायला आले. "एवढ्या लांब गेलात, आणि तिथेही मिशीवाला दुष्ट माणूसच भेटला?"

पुढच्या प्रयोगात खलनायकाची मिशी गेली. दुष्टपणा राहिला.

*

शास्त्रज्ञाच्या बायकोचं काम कुसुमताई करायच्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान नोकरीसाठी आफ्रिकेला गेलेले, आणि बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. कोणी विषय काढत नसे.

निरोपाच्या प्रवेशात तात्यांचं लांबलचक भाषण होतं. ते संपलं की कुसुमताईंनी हंबरडा फोडायचा.

ठाण्याच्या प्रयोगात तात्यांनी सुरुवात केली, "प्रिये, मानवजातीच्या कल्याणासाठी..."

कुसुमताई पुढे झाल्या. तात्यांच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते त्यांनी लावलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तिथे गेल्यावर आमची आठवण येते का हो?"

ही ओळ माझी नव्हती. विंगेतून मी भाषणाचं पुढचं वाक्य सांगत होतो. तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"येते," ते म्हणाले.

"मग?"

तात्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. पुढचा अख्खा अंक चंद्रावरचा होता.