मुरीसाठी विलायत

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, तुमसरला आमच्या पडवीत, एक लाख बारा हजार रुपयांचा प्रश्न घेऊन पाच माणसं बसली होती: मी, माझी बायको, तिची मोठी बहीण म्हणजे ताई, ताईंचे यजमान म्हणजे आमचे साडभाऊ, आणि सिहोऱ्याकडच्या एका तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. पैकी साडभाऊंइतका हट्टी माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर त्याने माझ्या नात्यात येऊ नये. मी राईस मिलमध्ये हिशेब पाहतो, आणि एकाच साडभाऊंचा हिशेब मला आजवर नीट लागलेला नाही.

साडभाऊ प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवतील तितक्या तासांचा पगार, आणि तोही कॉलेजला आठवेल तेव्हा. पन्नाशी आली तरी कायम झाले नाहीत. त्याचं त्यांना फारसं दुःख नाही, कारण त्यांचा जीव मुरीत गुंतलेला आहे. मुरी म्हणजे तलावाच्या चिखलात लपणारी बोटभर मासोळी. लोक ती तिखट रश्शात टाकतात. साडभाऊ तिला मोजतात. खिशाला पेन लावावं तसा त्यांच्या शर्टाच्या खिशाला मापाचा चिमटा असतो, आणि जेवायला बोलावलेल्या घरी ताटातल्या मासोळीलाही तो लावल्याशिवाय ते घास घेत नाहीत. सिहोऱ्याच्या बाजारात ते दिसले की मासोळी विकणाऱ्या बाया टोपलीवर गोणपाट ओढतात, कारण हा माणूस तासभर टोपली उपसतो आणि शेवटी एक मुरी विकत घेतो. ताईंच्या फडताळात लोणच्याच्या आणि मुऱ्यांच्या बरण्या शेजारी शेजारी असतात. खायच्या बरणीला लाल दोरा बांधायचा, हा नियम ताईंनी एका पाहुण्याच्या प्रसंगानंतर केला; तो प्रसंग त्या अजून सांगत नाहीत. दारूचा थेंबही न शिवणाऱ्या या माणसाच्या पिशवीला कायम स्पिरिटचा वास येतो. एका कंडक्टरने त्यांना एसटीतून उतरवलं, तर ते पुढच्या गावापर्यंत पायी गेले आणि वाटेतल्या नाल्यात दोन मुऱ्या सापडल्या म्हणून त्या कंडक्टरचे आभार मानत राहिले.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या तलावातली मुरी वेगळी आहे. शेपटीजवळचा ठिपका वेगळा, मिशांची लांबी वेगळी. पुस्तकात मात्र तिला दुसऱ्याच एका मुरीच्या नावाखाली टाकून दिलं आहे. हे सिद्ध करायचं, तर ज्या मासोळीवरून ते नाव पहिल्यांदा ठेवलं गेलं, ती मूळ मासोळी पाहायला हवी, आणि ती विलायतेतल्या एका संग्रहालयात बरणीत आहे. फोटो मागवा, असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही झेरॉक्सवर पैसे देता का?" आम्ही एकमेकांना साडभाऊच म्हणतो.

असे अभ्यासक बोलावण्यासाठी त्या संग्रहालयाची एक मदत असते. साडभाऊंनी चार वर्षं अर्ज केला, तीनदा नकार आला, चौथ्यांदा होकार. राहणं, जेवण, बसायला टेबल, सगळं त्यांचं. मात्र विमानाचं तिकीट आणि व्हिसा आधी आपण काढायचा. तो खर्च प्रवास झाल्यावर, पावत्या पाहून मिळणार. आणि ही मदत एका माणसाला आयुष्यात एकदाच. यंदा गेले नाहीत, तर संपलं.

मी चव्वेचाळीस हजार उसने द्यायला तयार होतो. ताई बांगड्या काढायला निघाल्या, तर साडभाऊंनी सरळ सांगितलं की तसं झालं तर होकाराचं पत्र परत पाठवीन. वर्गणी नको, देणगी नको, आणि उसने घ्यायचे ते फेडता येतील तेवढेच. अडुसष्ट हजार कमी पडत होते. तेवढ्यात अध्यक्ष आले. आधीच्या महिन्यात साडभाऊंनी त्यांच्याकडे मोजमापासाठी वीस मुऱ्या मागितल्या होत्या. संस्थेने त्या पाठवल्या, पण डोकी काढून, पोट साफ करून, हळद-मीठ लावून. विलायतेच्या कामाला जाणारी मासोळी घाण कशी पाठवायची, असा त्यांचा विचार. मोजायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा साडभाऊंनी त्या खाल्ल्या, आणि चव चांगली होती हेही प्रामाणिकपणे कळवलं. त्यामुळे अध्यक्ष माफी मागायला आलेत, असं मला वाटलं.

ते आले होते वाटा द्यायला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावात मोठं जाळं ओढतात, आणि त्या वेळी जो जो पाण्यात असतो त्याचा वाटा निघतो, हा तिथला जुना रिवाज. साडभाऊ मुऱ्या शोधत अकरा उन्हाळे त्या पाण्यात उभे होते आणि एकदाही वाटा न घेता निघून गेले होते. संस्थेने बैठक घेऊन त्या अकरा वाट्यांचे अडुसष्ट हजार काढले होते.

साडभाऊ उठून उभे राहिले. "मी जाळ्याले हात नाई लावला. हे दान हाय. मले नोको."

"जाळं ओढनाऱ्यालेच वाटा भेटते, असं कोन म्हनते?" अध्यक्ष बसूनच बोलले. "काही मानसं नुसती पानी खळबळवत मासोळी जाळ्याकडं हाकलतात, त्यायलेही भेटते. तुम्ही तं अख्खा दिवस म्हशीवानी पानी ढवळत राहता. तुमच्या भेवानं जेवढी मासोळी जाळ्यात गेली, तेवढी आमच्या पोरायकून नाई गेली."

माझी बायको पदर तोंडाला लावून आत गेली. साडभाऊ माझ्याकडे वळले. "साडभाऊ, तुम्ही हिशेबाचे मानूस. भिडेनं बोलू नोका. हे दान हाय का मजुरी?"

मी अध्यक्षांना खोदून विचारलं. आजारी माणसाचा वाटा निघतो का, हाकलणाऱ्याचा वाटा ओढणाऱ्याइतकाच असतो का, उशिरा नेला तर चालतो का. तिन्हीची उत्तरं त्यांनी नावांनिशी दिली. मग मी निकाल दिला की ही मजुरी आहे, आणि थकलेली आहे. साडभाऊ खाली बसले, चष्मा पुसला, आणि पैसे घेतले.

ऑगस्टमध्ये ते गेले. तीन आठवडे त्या बरणीसमोर बसले आणि परतल्यावर घरी न जाता आधी तलावावर गेले. मी सोबत होतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, संस्थेची माणसं जमली. साडभाऊंनी उभ्यानेच सांगितलं, "मी चुकलो. ठिपका तोच, मिशा त्याच. आपली मुरी वेगळी नाई. नवं नाव भेटत नाई." एवढं बोलून ते पाण्याकडे पाहत राहिले. या माणसाची मान खाली गेलेली मी तेव्हाच पाहिली.

मग अध्यक्षांनी विचारलं, "म्हंजे आपल्याच मुरीवरून ते नाव पडलं, असं समजाचं का?"

साडभाऊ म्हणाले, "तसंच काहीसं."

"मंग दुसऱ्याच्या नावाखाली कुठं होती ते? तिचंच नाव होय न."

साडभाऊंनी हे नंतर आपल्या निबंधात घातलं, जास्त लांब वाक्यात.

मार्चमध्ये तिकीट आणि व्हिसाचे पैसे पूर्ण आले. माझे चव्वेचाळीस हजार त्याच दिवशी मिळाले. उरलेले अडुसष्ट हजार साडभाऊ ठेवायला तयार नव्हते आणि संस्था परत घ्यायला. दिलेला वाटा तिथे परत घेत नाहीत. दोन महिने ते पैसे बँकेत नुसते पडून होते. मग अड्याळची एक मुलगी त्यांच्याकडे आली. धानाच्या बांधीतल्या खेकड्यांवर तिचं काम आहे, आणि तिला त्याच संग्रहालयाचं पत्र आलं होतं. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आधी आपलं. साडभाऊंनी तिला अर्धा दिवस उलटसुलट विचारलं, तिचे खेकडे मोजून पाहिले, आणि मग मला फोन केला.

ती निघाली तेव्हा आम्ही भंडाऱ्याच्या बसस्टँडवर गेलो होतो. ते तिला पावत्या जपायला सांगत होते. बस हलता हलता खिडकीशी जाऊन, जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, "टाइम उरला तं मुरीच्या बरणीकडं जाऊन येजो बेटा. मले काही आता जानं होत नाई."

संस्थेच्या वाट्याचे अडुसष्ट हजार रुपये, ट्रॅव्हल एजंटला, अड्याळच्या मुलीच्या तिकिटापोटी, दिले. पोच माझ्याकडे आहे.